सामन्याची वेळ सावलीत ठरते

"सर, आपला गोल कुठला ओ?" असा प्रश्न आठ नंबरची जर्सी घातलेल्या मुलाने मला विचारला, तेव्हा उत्तरार्ध सुरू होऊन बारा-तेरा मिनिटे झाली होती. मी त्या फुटबॉल सामन्याचा पंच होतो. सोलापूरची पोरे पंचाची थट्टा करण्यात मागे नसतात हे वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मी नुसता हसलो, हाताने दिशा दाखवली आणि चेंडूमागे पळालो. पुढच्या दोन मिनिटांत त्याने एक साधा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला, स्वतःच्याच बचावपटूशी विनाकारण हुज्जत घातली, आणि मग चेंडू लांब असताना, कोणाचा धक्का लागलेला नसताना, गुडघे दुमडून खाली बसला व तसाच आडवा झाला. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

हा अंतिम सामना खरे तर सकाळी साडेसातला सुरू व्हायचा होता. पत्रिकेवर तसे छापले होते, दोन्ही संघ सात वाजताच बूट बांधून तयार होते आणि मीही त्याआधीच मैदानावर पोहोचलो होतो. परंतु सामन्यापूर्वी खेळाडूंची ओळख प्रमुख पाहुण्यांना करून द्यायची, हा आपल्याकडचा न मोडणारा रिवाज. आणि पाहुणे आधी 'निघाले आहेत', मग 'वाटेत आहेत', मग 'एका लग्नात पाच मिनिटे थांबले आहेत' असे करत दहा वाजता आले. तोवर मुले कधी रांगेत उभी राहत होती, कधी मांडवाच्या कडेच्या वीतभर सावलीत दाटीवाटीने बसत होती. मग सत्कार झाले, चादरी पांघरल्या गेल्या, आणि खेळामुळे शरीर सुदृढ राहते या विषयावर भाषणही झाले. पहिली शिट्टी वाजली ती दहा पंचवीसला. या सगळ्या वेळात मी काय केले, असे कोणी विचारले तर उत्तर लाजिरवाणे आहे. मी मांडवात बसून चहा प्यालो. सामना संध्याकाळवर ढकला, असे म्हणण्याचा अधिकार मला होता; पण मांडवात पंखे होते, समोर कूलर होता, आणि सावलीत बसलेल्या माणसाला ऊन वाढते आहे हे दिसते, पण लागत नाही.

मुलगा पडल्यावर जे झाले ते मी सविस्तर लिहितो, कारण त्यात चुकाही आहेत आणि नशीबही आहे. त्याचे अंग भयंकर तापले होते, तरी कातडी कोरडी नव्हती, घामाने चिकट होती. उष्माघातात घाम पूर्ण थांबतो असे माझ्या डोक्यात पक्के बसलेले असल्यामुळे 'हा उष्माघात नसावा, नुसती भोवळ असेल' असे मला क्षणभर वाटले. ती समजूत चुकीची होती. घरात पडून असलेल्या वृद्धाला उन्हाळ्यात होणाऱ्या उष्माघातात कातडी कोरडी असू शकते. धावता धावता कोसळलेल्या खेळाडूच्या अंगावर मात्र पुष्कळदा घाम असतो. खरी खूण वेगळीच असते: शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि त्याबरोबर डोके चालेनासे होते, म्हणजे माणूस बरळतो, चिडतो, दिशा विसरतो, शुद्ध हरपतो. आठ नंबरने मला गोल कुठला असे विचारले ती ही खूण होती, आणि ती मी हसण्यावारी नेली होती.

कोणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतायला निघाले होते, त्याला मी अडवले, एवढे एक शहाणपण सुचले; अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दोघातिघांनी सत्काराच्या चादरी ड्रममध्ये बुडवून त्याच्या अंगावर टाकल्या. फाटकासमोरच्या रसवंतीवाल्या मामांनी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी खांद्यावर टाकून पळत आणली. ती फोडून काखेत, जांघेत, मानेला लावली. आणि एका बदली खेळाडूने, मला वाटते त्या दिवशी मैदानावर सर्वांत जास्त अक्कल त्यालाच होती, पाहुण्यांच्या खुर्चीसमोरचा कूलर ओढत आणून त्याचे तोंड मुलाकडे वळवले. वायर पुरेना, तेव्हा आम्ही मुलालाच उचलून मांडवात नेले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडून आईला हाक मारली, आणि त्यानंतर थोड्या वेळाने रुग्णवाहिका आली.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले, त्यातले एक वाक्य मी आता प्रत्येक स्पर्धेत सांगत असतो: आधी थंड करायचे, मग हलवायचे. आतले तापमान अर्ध्या तासाच्या आत ४० च्या खाली आणले तर बहुतेक माणसे वाचतात. रिक्षात घालून वाहतुकीतून नेण्यात तो अर्धा तास गेला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना कायमची इजा होऊ शकते. गळ्यापर्यंत थंड पाण्यात बुडवून ठेवणे हा सर्वांत उत्तम उपाय. चादरींबद्दल मात्र त्यांनी मान हलवली. आपली सोलापुरी चादर जाड; ती ओली करून अंगावर तशीच ठेवली तर काही वेळात तीच गरम होते आणि उष्णता आत कोंडते. पातळ कापड घ्यावे, दर मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवून बदलावे, आणि वरून वारा घालावा. म्हणजे मुलाला वाचवले ते बर्फाने आणि कूलरने. चादरींनी निदान नुकसान केले नाही, इतकेच. तापाची गोळीही अशा वेळी उपयोगाची नसते, कारण ताप आणि उष्माघात यांची यंत्रणा वेगळी आहे: तापात मेंदू स्वतःहून तापमान वर नेऊन ठेवतो, तर उष्माघातात मेंदूला ते खाली ठेवायचे असते पण शरीराला ते जमत नाही.

ते का जमत नाही, याचा हिशेब फुटबॉलच्या बाबतीत फार सरळ आहे. आपण खातो त्या अन्नातली जी ऊर्जा स्नायू वापरतात, तिच्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता रक्तातून कातडीकडे नेली जाते आणि तिथून हवेत जाते. पण कातडीचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते, आणि सोलापूरची एप्रिल-मे मधली हवा दुपारी ४२-४३ अंशांवर असते. अशा वेळी उष्णता अंगातून हवेत जाण्याऐवजी हवेतून अंगात येऊ लागते, वारा आला तरी तो झळच घेऊन येतो, आणि मग घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही मोठीच सोय आहे. परंतु जोरात खेळणारा मुलगा तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज गाळतो, आणि ते पाणी येते रक्तातून. रक्त कमी झाले की हृदयाला तेच काम अधिक ठोके देऊन करावे लागते. एकीकडे पायांचे स्नायू रक्त मागतात, दुसरीकडे थंड होण्यासाठी कातडी रक्त मागते, आणि दोघांनाही पुरेल इतके ते नसते. ५५ किलोच्या मुलाचे वजन सामन्यात किलोभराने कमी झाले, म्हणजे दोन टक्क्यांच्या जवळपास घटले, की त्याची धाव, त्याची एकाग्रता आणि त्याचा निर्णय हे सगळेच ढिले पडू लागते.

आमच्या काळी मैदानावर पाणी पिणे हा गुन्हा होता. मी शाळेच्या संघातून उजव्या बगलेवर खेळत असे, आणि आमचे प्रशिक्षक मध्यंतरातसुद्धा फक्त चूळ भरू देत. पाणी प्यायले की पोटात दुखते, दम लागतो, आणि मुख्य म्हणजे 'सवय लागते' असे त्यांचे म्हणणे होते. तहानेची सवय करता येते ही समजूत आजही काही मैदानांवर जिवंत आहे. ती साफ खोटी आहे. उन्हाची सवय मात्र खरोखर होते, आणि गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. रोज थोडा थोडा वेळ उन्हात सराव केला तर आठवडा ते दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जाते. पण ही सवय पाणी पिऊनच होते, पाणी तोडून नव्हे; आणि आठ-पंधरा दिवस सराव बंद पडला की ती ओसरू लागते. परीक्षा संपवून थेट स्पर्धेत उतरलेल्या मुलांना ती मुळी नसतेच.

आठ नंबरच्या बाबतीत पुढे जे कळले ते यात भर घालणारे होते. आदल्या संध्याकाळी तो उपांत्य सामना पूर्ण वेळ खेळला होता. घर शहराच्या पूर्वभागातले, वर पत्रा; भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत निवत नाही आणि त्या रात्री वीजही गेली होती. दोन दिवस त्याचे पोट बिघडलेले होते, पण ते त्याने कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर अंतिम सामन्यातून नाव कापले गेले असते. सकाळी पोटात गेला तो फक्त चहा. नुकताच झालेला आजार, अपुरी झोप, आदल्या दिवशीचे ऊन आणि रिकामे पोट, यांतली एकेक गोष्ट धोका वाढवते आणि त्याच्याकडे चारही होत्या. त्याच्या मोज्यात मात्र आजीने ठेवलेला कांदा होता. कांद्याने ऊन लागत नाही याला कसलाही आधार नाही. तथापि त्याच आजीने त्याला 'ताक पिऊन जा आणि ऊन चढायच्या आत घरी ये' असेही बजावले होते, आणि ती दोन्ही वाक्ये कोणत्याही क्रीडावैद्यकाच्या पुस्तकात शोभावीत अशी आहेत. घरी वेळेत येणे त्याच्या हातात नव्हते, ते आमच्या हातात होते.

उन्हात कोणता खेळाडू पडतो, याबद्दल माझे एक निरीक्षण आहे. आळशी मुलगा पडत नाही. तो चालतो, कमरेवर हात ठेवतो, बुटाची नाडी तीनदा बांधतो, आणि सुरक्षित राहतो. जो प्रत्येक चेंडूमागे जातो, ज्याला थांबणे कमीपणाचे वाटते, तोच कोसळतो. शरीर धोक्याच्या सूचना देत असते, पण अंतिम सामना, वस्तीतली माणसे, ढोल, या गलक्यात त्या त्याला ऐकू जात नाहीत. आणि एका टप्प्यानंतर सूचना ऐकणारा मेंदूच तापलेला असतो. म्हणून 'त्रास होत असेल तर बाहेर ये' असे खेळाडूला सांगणे ही माझ्या मते जबाबदारी झटकण्याची सभ्य पद्धत आहे. विचारून पाहा, उत्तर ठरलेले आहे: "काय होत नाही ओ सर, खेळतो की."

आता आपल्या हवेविषयी थोडे. सोलापूरकराला आपल्या उन्हाचा एक विचित्र अभिमान असतो. मुंबईला गेलेला सोलापूरकर तिथे तेहतीस अंशांत हैराण होतो आणि मग घरी येऊन सांगतो की, आपला त्रेचाळीस परवडला. यात तथ्य आहे. कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो, दमट हवेत तो अंगावरच ओघळत राहतो आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणूनच खेळासाठी नुसते तापमान न पाहता एक मिश्र मोजमाप वापरले जाते, ज्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला केवळ १० टक्के महत्त्व असते. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. मे महिन्यातली दुपार घेतली: हवा ४२, कोरडेपणामुळे ओला तापमापक २२ च्या आसपास, काळा गोळा भर उन्हात ५५ धरला, बेरीज आली ३०.६. मग जूनचा दिवस घेतला, एखादा पाऊस पडून गेलेला आणि पुन्हा ऊन पडलेले: हवा फक्त ३४, पण ओला तापमापक २७, काळा गोळा ४५, बेरीज ३१.३. हे आकडे अंदाजाचे आहेत, उपकरणाने घेतलेले नाहीत, तरी त्यांनी मला चकित केले. मृगाचा पाऊस पडला, हवा गार झाली, आता खुशाल खेळा, असे आपण ज्या दिवशी म्हणतो, तो दिवस मे महिन्यातल्या दुपारीइतकाच वाईट असू शकतो.

कोरड्या उन्हाचा दगा दुसराच आहे. घाम दिसत नाही. सामना संपल्यावर जर्सीवर मिठाची पांढरी नक्षी उमटलेली असते, पण मुलगा म्हणतो की मला घामच आला नाही. दमट हवेत भिजलेला सदरा निदान इशारा देतो, इथे तोही मिळत नाही. याची भरपाई म्हणून एक फायदा आहे: डोक्यावर आणि सदऱ्यावर पाणी ओतणे कोकणात फारसे उपयोगी पडत नाही, इथे पडते, कारण ते पाणीही घामासारखेच वाळते आणि त्यासाठी शरीराला स्वतःचे रक्त खर्चावे लागत नाही. अर्थात ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे मैदानावर अंगावर ओतायला पाणी मागताना जीभ जड होते. याच कारणाने आपल्या मैदानांवर हिरवळ नाही. मुरूम आणि काळी माती खालून तापते आणि वरून आलेले ऊन परत अंगावर फेकते. गेल्या काही वर्षांत भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने निघाली आहेत. ती रात्री उत्तम, पण दिवसा त्या प्लास्टिकचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, ६० अंशांच्या वरही जातो. संध्याकाळी पाच वाजता तिथे अनवाणी पाय ठेवून पाहावा, म्हणजे अधिक लिहावे लागणार नाही.

खेळाची वेळ सावलीत बसलेली माणसे ठरवतात, ही काही फक्त आपल्याकडची रीत नाही. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात इंग्लंड आणि ब्राझील यांचा ग्वादालाहारा येथील सामना भर दुपारी बारा वाजता सुरू झाला, कारण युरोपात ती संध्याकाळ होती आणि तिथल्या घरांत दूरचित्रवाणी संच लागलेले होते. १९८६ मध्ये पुन्हा मेक्सिको, पुन्हा भर दुपार; मॅराडोनाने त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली, पण अंतिम सामनासुद्धा दुपारी बारालाच झाला. १९९४ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला आयर्लंड आणि मेक्सिको दुपारी साडेबाराच्या उन्हात खेळले. आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्ल्टन खेळाडूंना पाणी मिळावे म्हणून त्या स्पर्धेत भांडत होते, आणि त्या सामन्यात बदली खेळाडू आत सोडण्यावरून झालेल्या वादानंतर त्यांनाच दंड झाला व पुढच्या सामन्यात संघाजवळ बसायला बंदी झाली. त्याच वर्षी पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर ब्राझील आणि इटली यांचा अंतिम सामना दुपारी साडेबाराला सुरू झाला आणि १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. ३१ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, क्लब विश्वचषकाचा पॅरिस सेंट जर्मेन आणि अॅटलेटिको माद्रिद यांचा सामना त्याच मैदानावर दुपारी बाराला ठेवला गेला. कारण तेच, युरोपातली रात्रीची वेळ. त्या उन्हात पायांची बोटे दुखत होती, असे अॅटलेटिकोच्या योरेन्तेने नंतर सांगितले. त्याच स्पर्धेत सिनसिनाटीला बोरुसिया डॉर्टमुंडचे बदली खेळाडू पूर्वार्धात बाकावर न बसता खोलीत बसून सामना पाहत होते, आणि चेल्सीच्या एन्झो फर्नांडेझला मैदानावर भोवळ आली. कोट्यवधींचा खेळाडू असो किंवा पूर्वभागातला आठ नंबर, घाम वाळण्याचा नियम एकच आहे.

मात्र जिथे वेळ बदलायची इच्छा असते तिथे ती बदलता येते, याचीही उदाहरणे आहेत. टोकियो ऑलिंपिकमधला महिलांचा अंतिम सामना, कॅनडा विरुद्ध स्वीडन, सकाळी अकराला होता. दोन्ही संघांनी विनंती केल्यावर तो रात्री नऊला आणि वेगळ्या मैदानावर, योकोहामाला, नेण्यात आला. कतारसाठी तर अख्खा २०२२ चा विश्वचषकच जून-जुलैतून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवला गेला आणि युरोपातल्या मोठमोठ्या लीग त्यासाठी मध्येच थांबल्या. एका पाहुण्याला न थांबता सामना सुरू करणे यापेक्षा अवघड नसावे.

ऊन खेळाचे काय करते, याचा एक अभ्यास मला फार आवडतो. काही संशोधकांनी त्याच खेळाडूंना एकदा २१ अंशांत आणि एकदा ४३ अंशांत सामना खेळायला लावून मोजमापे घेतली. ४३ अंश, म्हणजे बरोबर आपले सोलापूर. उन्हात एकूण धावण्याचे अंतर सात टक्क्यांनी घटले, पण वेगाने धावण्याचे प्रमाण तब्बल २६ टक्क्यांनी घटले. याउलट यशस्वी पासचे प्रमाण वाढले आणि एखाद्या धावेतला सर्वाधिक वेगही किंचित वाढला. अनुभवी खेळाडू उन्हात स्वतःला राखतात, चेंडूला पळवतात, आणि साठवलेला जोर नेमक्या क्षणी काढतात. आमच्याकडची पोरे नेमके उलटे करतात. पहिल्या वीस मिनिटांत सगळे उधळतात आणि मग पायात गोळे येऊन बसतात. उन्हातला फुटबॉल हा हळू खेळण्याचा खेळ आहे, हे त्यांना शिकवायला हवे, आणि मैदानाबाहेरून 'पळ की बे' असे ओरडणाऱ्या काकांना तर आधी शिकवायला हवे.

त्या एप्रिलनंतर मी नियमांचे पुस्तक नव्याने वाचले. सातव्या नियमात पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांपर्यंत थांबण्याची स्पष्ट तरतूद आहे आणि तो वेळ पुढे भरून द्यायचा असतो. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझाला नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात दोन्ही अर्धांत असे थांबे झाले. दुसऱ्या थांब्यात नेदरलँड्सच्या प्रशिक्षकांनी सगळी रचना बदलली आणि एका गोलने मागे असलेला त्यांचा संघ शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून जिंकला. त्यामुळे थांब्याला विरोध करणाऱ्या प्रशिक्षकांना मी हीच गोष्ट सांगतो, म्हणजे त्यांचा विरोध मावळतो. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक अर्धात तीन मिनिटांचा थांबा जाहीर केला.

पंचाच्याही जिवाचा प्रश्न आहे, हे जाता जाता नोंदवतो. २५ जून २०२४ रोजी कोपा अमेरिका स्पर्धेत पेरू आणि कॅनडा यांच्या सामन्यात ग्वाटेमालाचे साहाय्यक पंच रेषेवरच कोसळले. मी पन्नाशीच्या पुढे आहे, सामन्यात मुलांइतकाच पळतो, आणि मला बदली पंच नसतो.

आता मी संयोजकांना आधीच काही अटी लिहून देतो. मुलांच्या सामन्यात बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येऊ द्यायचे, म्हणजे थकलेला मुलगा दहा मिनिटे सावलीत बसून परत येऊ शकतो आणि आजार लपवण्याची त्याला गरज उरत नाही. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे दोन मोठे जार मैदानाच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर रिचवणेही बरे नव्हे, कारण त्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि तो त्रास दिसायला उन्हासारखाच असतो. रमजान एप्रिलमध्ये आला होता त्या वर्षी रोजे ठेवणाऱ्या मुलांचे सामने आम्ही रात्री दिव्यांखाली घेतले होते, आणि तेव्हा सर्वांच्याच लक्षात आले की, तेच सामने अधिक वेगवान आणि अधिक देखणे झाले. आणि कोणी मला दिशा, गुण किंवा अर्ध कोणता असे विचारले, तर मी हसत नाही. शिट्टी वाजवतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि त्याला त्याच्या आईचे नाव विचारतो.

आठ नंबर तीन दिवस रुग्णालयात होता, नंतर काही महिने मैदानापासून लांब राहिला, आणि दिवाळीनंतर पुन्हा खेळू लागला. या वर्षीच्या स्पर्धेच्या बैठकीला तो संघाचा प्रतिनिधी म्हणून आला होता. वेळेचा विषय निघाला तेव्हा तो काही बोलला नाही, मीच बोललो. बराच वाद झाला, पाहुणे नाराज होतील असे दोघांनी बजावले, आणि शेवटी असे ठरले की अंतिम सामन्याची शिट्टी सकाळी सव्वासहाला वाजेल व बक्षीस समारंभ त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता, वेगळा, होईल. बैठक उठल्यावर मी फाटकासमोरच्या रसवंतीवर गेलो. मामा म्हणाले, "सव्वासहाला बर्फ पाहिजे असेल तर लादी आदल्या रात्रीच सांगावी लागेल सर, सकाळी गाडी आठशिवाय येत नाही." मी दोन लाद्यांचे पैसे देऊन आलो.